कोरड्या वर्षी गावागावांचा पाऊस ताडून कसा पाहावा: बेळगाव सीमाभागासाठी

पाऊस धो-धो पडत असतो तेव्हा मोजणीतली चूक कुणाला बोचत नाही. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला एका दिवसात दीडशे मिलिमीटर कोसळला आणि नोंदीत पाच इकडेतिकडे झाले, तर कुणाचं काही बिघडत नाही. पण मृग कोरडा गेला, आर्द्रात नुसती भुरभुर झाली आणि अथणीच्या शिवारात महिन्याभरात साठच मिलिमीटर पडला, तर तेच पाच म्हणजे आठ टक्के. त्यात आपला जिल्हा असा की घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरता उतरता पाऊस हजारांवरून शेकड्यांवर येतो. पश्चिम खानापुरात वर्षाला काही हजार मिलिमीटर, बेळगाव शहराला साधारण बाराशे-तेराशे, अथणी-रामदुर्गकडे पाच-सहाशे. अशा ठिकाणी दोन गावांचे आकडे शेजारी मांडण्याआधी ते एकाच मापाचे आहेत ना, हे बघावं लागतं.

दिवस आणि मुदत

सरकारी पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, रात्री बाराला नाही. आदल्या सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात. म्हणजे १० जूनच्या संध्याकाळची सर ११ जूनच्या नावावर जाते. घरची वही संध्याकाळी भरत असाल तर तुमची तारीख सरकारी तारखेशी कधीच जुळणार नाही, आणि ३१ जुलैच्या दुपारचा पाऊस तुमच्याकडे जुलैत तर त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये दिसेल. मोसमाच्या बेरजेत हा फरक बुडून जातो, महिन्याच्या किंवा आठवड्याच्या बेरजेत नाही. सवय एकच लावावी: सकाळी साडेआठ.

दुसरा घोळ मुदतीचा. ‘आतापर्यंतचा पाऊस’ कुणी १ जानेवारीपासून सांगतो, कुणी १ जूनपासून. एप्रिल-मे महिन्यांत वळीव चांगले झाले असतील तर १ जानेवारीपासूनची बेरीज फुगलेली दिसते आणि जून-जुलै कोरडे असूनही तालुका बरा वाटतो. धूळवाफ पेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेल्या) भाताला आणि बांधबंदिस्तीला वळिवाचा उपयोग असतो, हे खरं. पण सोयाबीन, भुईमूग, बटाटा यांचा हिशेब करायचा तर १ जूनपासूनचीच बेरीज घ्या आणि वळिवाला वेगळा रकाना ठेवा.

रयतेशी बोलायचं असेल तर महिन्यांपेक्षा नक्षत्रं बरी. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू (तरणा) ५-६ जुलैला, पुष्य (म्हातारा) १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे जवळजवळ पंधरवडाच. जुन्या माणसांची ‘तरणा बरसला, म्हातारा रुसला’ ही आठवण वहीतल्या आकड्यांशी ताडायला ही विभागणी फार सोयीची पडते. फक्त एक वर्ष नक्षत्रावर आणि दुसरं महिन्यावर, असं करू नका.

पर्जन्यमापक

हवामान खात्याच्या मापकाचं तोंड १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटरचं असतं आणि त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर राहील असा तो पुरतात. तोंडाच्या मापाप्रमाणे मोजपात्रही वेगळं असतं. शाळेत किंवा सोसायटीत मापक एका वर्षी आला, काचेचं मोजपात्र फुटलं आणि दुसऱ्याच मापाचं आणलं, की सगळा पाऊस निम्मा किंवा दुप्पट होतो. शेजारच्या गावापेक्षा आपला आकडा सतत नेमका अर्धा येत असेल तर ढगांवर नाही, मोजपात्रावर संशय घ्या.

घरी करायचा असेल तर हिशेब सोपा आहे. तोंडाचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, ०.७८५ ने गुणा. हे झालं क्षेत्रफळ. त्याला दहाने भागलं की एक मिलिमीटर पावसाला किती मिलिलिटर पाणी साठेल ते मिळतं. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असेल तर २० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर.

इथं बहुतेकांची फसगत होते ती पाइपवर. दुकानात ‘१६० चा’ म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप बाहेरून १६० मिलिमीटर असतो. आतला व्यास कमी भरतो, आणि किती कमी ते पाइपच्या जाडीवर ठरतं. समजा तो १५.२ सेंटिमीटर आहे. मग तोंड १८१ चौरस सेंटिमीटरचं, आणि १८.१ मिलिलिटरला १ मिलिमीटर. तुम्ही १६ धरून २०.१ ने भागलंत तर दहा टक्के पाऊस कागदावरून नाहीसा झाला. खरी तूट १८ टक्के असताना २६ दिसते, आणि गाव ‘सामान्य’ या रकान्यातून ‘तुटीच्या’ रकान्यात जाऊन बसतं. म्हणून व्यास दोन-तीन दिशांनी मोजून सरासरी घ्या. कापलेला पाइप क्वचितच पुरता गोल असतो. कापलेली कड बाहेरच्या बाजूने कानशीने उतरती करा, म्हणजे कडेवर पडलेला थेंब आत की बाहेर हा वाद राहत नाही.

पाइपचा हातभर तुकडा, त्यात घट्ट बसणारं नरसाळं आणि खाली अरुंद तोंडाचा कॅन, एवढं पुरतं. नरसाळं कडेपासून चांगलं खोल बसवा, नाहीतर जोराच्या सरीत पाणी उसळून बाहेर जातं. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला चार लिटरचा कॅन २०० मिलिमीटरपर्यंत पुरतो. बेळगाव, चिकोडी, गोकाककडे तेवढा बस्स. जांबोटी-कणकुंबीकडे मोठा कॅन लावा किंवा दिवसातून दोनदा मोजून बेरीज साडेआठच्या खात्यात घाला. मोजपात्र नसेल तर स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा चालतो: भरलेल्या कॅनच्या वजनातून कोरड्या कॅनचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम तितके मिलिलिटर.

जागा निवडताना भिंत, झाड, गोठा जेवढा उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. गच्ची नको, तिथं वारा पाऊस तोंडावरून उडवून नेतो. फरशी नको, शिंतोडे येतात. उसाच्या फडाशेजारी तर अजिबात नको, कारण जूनमध्ये गुडघ्याएवढा असलेला ऊस सप्टेंबरला डोक्यावर जातो आणि मोसम संपेपर्यंत मापक आडोशाला गेलेला असतो.

कोरड्या वर्षाच्या खोडी वेगळ्याच. पाऊस नाही म्हणून आठ-आठ दिवस कुणी मापकाकडे फिरकत नाही. तेवढ्यात नरसाळ्यात कोळी जाळं विणतो, कडुनिंबाची पानं साचतात, आणि मग आलेली एकुलती एक सर वरच तुंबून वाळून जाते. उघड्या बादलीत तर दोन-तीन मिलिमीटरची भुरभुर दुपारपर्यंत उडून जाते. म्हणून कोरड्या दिवशीही सकाळी जाऊन बघायचं आणि ‘०’ लिहायचं. बघितलंच नसेल तर ‘०’ नाही, आडवी रेघ. तुलनेची सगळ्यात जास्त माती या दोन खुणांची अदलाबदल केल्याने होते: न मोजलेले दिवस शून्य धरले की गाव फुकटचं दुष्काळी ठरतं. दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं असेल तर तसा शेरा मारा. ते बेरजेत चालतं, पावसाचे दिवस मोजताना चालत नाही.

सरकारी आकडे घेताना

कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे स्वयंचलित मापक ग्रामपंचायतींपर्यंत बसवलेले आहेत. होबळी (तालुक्याखालचा महसुली विभाग) आणि तालुक्याचे रोजचे आकडे तिथून निघतात. हवामान खात्याची नोंद वेगळी, सांबरा विमानतळावरची त्यातलीच. दोन्ही खऱ्या असू शकतात आणि तरी जुळणार नाहीत, कारण मापक वेगळ्या जागी आहेत. एका तक्त्यात दोन्ही मिसळू नका. हवामान खात्याच्या पत्रकातल्या ‘प्रमुख पाऊस’ यादीवरून मोसमाची बेरीज करण्याचा मोह टाळा. ते आकडे पूर्ण सेंटिमीटरमध्ये असतात आणि किरकोळ पाऊस त्यात येतच नाही. कोरड्या वर्षी किरकोळ पाऊसच जास्त. मोबाइलवरच्या हवामान अॅपमधला ‘काल पडलेला पाऊस’ हा बहुतेक वेळा अंदाज असतो, मोजणी नव्हे. तो वहीत चढवू नये.

तालुक्याची सरासरी खानापूरच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे, असं स्पष्टच म्हणायला हवं. कणकुंबी आणि बिडी-कक्केरी एकाच सरासरीत घातले की घाटातला पाऊस पूर्वेकडची तूट झाकून टाकतो. तिथं होबळीच्या खाली उतरूनच बोला. ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ विभागाच्या टक्केवारीबद्दल तर बोलायलाच नको.

नोंद गहाळ असेल तर शेजारच्या केंद्रांवरून भरता येते, पण सरळ सरासरीने नाही. प्रत्येक शेजाऱ्याचा पाऊस दोन्ही गावांच्या वार्षिक सरासरीच्या प्रमाणात आधी बदलून घ्यायचा. आपल्या गावाची सरासरी ७००, शेजाऱ्यांची ८०० आणि ६४०. त्या दिवशी त्यांच्याकडे २४ आणि १६ पडला. मग ७००÷८००×२४ म्हणजे २१, ७००÷६४०×१६ म्हणजे १७.५, आणि दोन्हींची सरासरी सुमारे १९. हे एकाच पट्ट्यातल्या गावांसाठी. जांबोटीची गहाळ नोंद सांबऱ्यावरून भरणं म्हणजे नुसता आकडा रचणं.

टक्के, मिलिमीटर आणि खंड

तुटीचं सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं: पडलेला वजा सरासरी, भागिले सरासरी, गुणिले शंभर. सरासरी मात्र त्याच तारखेपर्यंतची घ्यायची, पूर्ण मोसमाची नाही. हवामान खात्याची सध्याची सरासरी १९७१ ते २०२० या वर्षांवरची आहे. जुन्या तक्त्यात वेगळी वर्षं असतील, तर दोन्ही गावांना एकच तक्ता लावा. उणे १९ ते अधिक १९ टक्के सामान्य, उणे २० ते ५९ तूट, उणे ६० ते ९९ मोठी तूट.

आता समजा पश्चिमेकडच्या एका गावाची आजवरची सरासरी १८०० आणि पडला १२६०. तूट ३० टक्के. पूर्वेकडच्या गावाची सरासरी १८०, पडला १०८. तूट ४० टक्के. टक्क्यांत पूर्वेचं गाव मागे, पण पश्चिमेला ५४० मिलिमीटर कमी पडला आणि पूर्वेला ७२. पूर्वेला ते ७२ म्हणजे पेरणी उगवण्या-न उगवण्याचा प्रश्न. पश्चिमेला ५४० म्हणजे भाताच्या खाचरात लावणीपुरतं पाणी न साचणं, आणि त्याहून मोठं, खाली नदीत पाणी न जाणं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तेव्हा नविलुतीर्थ धरणाच्या कालव्यावर अवलंबून असलेल्या सौंदत्तीकराने स्वतःच्या शिवाराची टक्केवारी कमी आणि खानापूरचे मिलिमीटर जास्त बघावेत. म्हणून तक्त्यात टक्के आणि मिलिमीटर हे दोन रकाने शेजारी शेजारी हवेत.

तिसरा रकाना खंडाचा, म्हणजे मधल्या कोरड्या दिवसांचा. दोन गावांत ऑगस्टअखेर ४०० मिलिमीटरच पडला, पण एकात ३२ दिवसांत आणि दुसऱ्यात १४ दिवसांत, त्यातला १२० एकाच रात्री. बेरीज सारखी, पीक सारखं नाही. पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा जास्त. असे दिवस मोजा आणि सर्वांत लांब कोरडा टप्पा तारखांसह लिहा. आठवड्याचा हिशेब ठेवणार असाल तर हवामान खात्याचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपतो, तोच धरा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीतही नुसती मोसमी तूट बघत नाहीत: सलग तीन-चार आठवडे प्रत्येक आठवड्याला सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तर तो खंड धरतात, आणि पुढे पेरणीक्षेत्र, पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, जलसाठा हे बघून गावांत पाहणी होते. २०२३ हे याचं ठळक उदाहरण. देशभरात जुलै सरासरीपेक्षा जास्त, मग १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. नुसती मोसमाची बेरीज बघणाऱ्याला देशाची तूट सहाच टक्के दिसली. कर्नाटकात मात्र २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले.

घरच्या वहीवर दुष्काळ किंवा विमा ठरत नाही, तिथं सरकारी नोंदच चालते. पण गावातला स्वयंचलित मापक बंद पडलाय किंवा तुंबलाय हे दाखवून द्यायला वहीच लागते. दोन्हींची १ जूनपासूनची चढती बेरीज आलेखाच्या कागदावर एकमेकींसमोर मांडा, आडव्या रेषेवर सरकारी आणि उभ्या रेषेवर आपली. ठिपके सरळ रेषेत जात असतील तर दोन्ही मापक सुरळीत. रेघ एका तारखेनंतर एकदम उभी चढू लागली तर त्या तारखेपासून सरकारी मापक कमी मोजतोय. आडवी पडली तर आपल्या नरसाळ्यात डोकवा. उभी चढत असेल तर तारखेसह अर्ज ग्रामपंचायतीत आणि रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या होबळीतल्या कार्यालयात) द्या, आणि लवकर द्या. मोसम संपल्यावर बंद मापकाची पाहणी करून काही सिद्ध होत नाही.

सीमेपलीकडे

निपाणीचा कागलशी, बेळगावचा चंदगडशी, अथणीचा जतशी पाऊस ताडायचा तर पलीकडे महसूल मंडळाचे आकडे मिळतात. महाराष्ट्राच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर ते रोज चढतात. मंडळ आणि होबळी यांचे आकार सारखे नसतात, तेव्हा मंडळ-होबळी अशी जोडी न लावता सीमेच्या दोन्ही बाजूंचे जवळात जवळचे मापक निवडा, आणि सरासरी वेगवेगळ्या काळाच्या असतील तर टक्के सोडून फक्त मिलिमीटर आणि पावसाचे दिवस ताडा.

पाण्यासाठी तर पलीकडचे आकडे बघावेच लागतात. हिडकल धरणाचं पाणी घटप्रभेच्या चंदगडकडच्या खोऱ्यातून येतं. वेदगंगा-दूधगंगेचं भुदरगड-राधानगरीकडून, आणि कागवाड-अथणीच्या कृष्णेचं महाबळेश्वर-कोयनेकडून. अथणीत थेंब नसताना कृष्णा दुथडी वाहू शकते आणि अथणीत बरा पाऊस होऊनही पात्र उघडं पडू शकतं. तेव्हा नदीकाठच्या गावाच्या तक्त्यात स्वतःच्या पावसाखाली आणखी एक ओळ ठेवा: वरच्या खोऱ्यातल्या एका ठरावीक केंद्राचा त्याच तारखेपर्यंतचा पाऊस. केंद्र दरवर्षी तेच ठेवा.