ग्राफीनवर काम करताना या चुका टाळा

काळी पावडर आली, बाटलीवर 'ग्राफीन' (कार्बनचा एकाच अणूइतका जाड थर) लिहिलेलं दिसलं आणि लगेच मोजमापं सुरू झाली. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त महिने इथेच वाया जातात. २०१८ मध्ये जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत खऱ्या ग्राफीनचं प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली निघालं. बाकी बराचसा माल म्हणजे बारीक केलेलं ग्रॅफाइटच. तेव्हा सोबत आलेलं प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि पहिल्याच दिवशी रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशातल्या बदलाचा आलेख, स्वतः घ्या.

तो वाचतानाही घाई नको. १५८० प्रति सेंटिमीटरजवळचं 'जी' शिखर ग्रॅफाइटलाही येतं, त्यामुळे ते दिसलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. खरी साक्ष २७०० जवळच्या 'टू-डी' शिखराची. एकाच थराचं ग्राफीन असेल तर ते अरुंद आणि दोन्ही बाजूंनी सारखं असतं. हिरव्या लेसरने त्याची रुंदी साधारण २५ ते ३० प्रति सेंटिमीटर भरते. ग्रॅफाइटमध्ये त्याला एका बाजूने खांदा फुटतो. अनेक जण फक्त या दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर पाहून थर ठरवतात. पण नमुन्यात बाहेरून विद्युतभार आला की ते गुणोत्तर बदलतं. म्हणून आकार आणि रुंदी पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

लेसरची शक्तीही सांभाळा. ग्राफीन ऑक्साइडवर, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनवर, ती जास्त पडली, तर त्या ठिपक्यातला ऑक्सिजन उडतो आणि तुम्ही नमुन्याचा नव्हे, लेसरने भाजलेल्या डागाचा वर्णपट नोंदवता. कमी शक्तीवर एकाच जागी लागोपाठ दोनदा मोजा. दोन्ही आलेख जुळले नाहीत, तर शक्ती आणखी उतरवा. पावडर असेल तर एका जागेवर विसंबू नका, निदान वीस-पंचवीस जागा घ्या.

जाडी मोजताना आणखी एक फसगत होते. दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, पण सिलिकॉनवर ठेवलेला एकच थर अणुबल सूक्ष्मदर्शकात (बारीक सुई फिरवून उंची मोजणाऱ्या यंत्रात) १ नॅनोमीटरच्या आसपास दिसतो, कारण खाली अडकलेलं पाणी आणि सुईचं वेगळं आकर्षण. भागाकार करून 'तीन थर' असं लिहिणारे मी पाहिले आहेत. कपचीला कुठे घडी पडली असेल, तर त्या घडीची पायरी मोजा. चिकटपट्टीने सोललेली कपची सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नसेल, तर सिलिकॉनवरच्या ऑक्साइडची जाडी तपासा. ती ९० किंवा ३०० नॅनोमीटरजवळ नसली, तर एकेरी थर डोळ्यांना सापडणं अवघड.

आता हमर्स पद्धत, म्हणजे १९५८ पासून चालत आलेला ग्राफीन ऑक्साइड बनवण्याचा मार्ग. इथली चूक जिवावर बेतू शकते. पोटॅशियम परमँगनेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल मिळून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं आणि ते साधारण ५५ अंश सेल्सियसच्या वर स्फोट करू शकतं. थर्मामीटर बाहेरच्या बर्फात नको, थेट मिश्रणात हवा. परमँगनेट चिमूट-चिमूट घाला आणि पारा चढायला लागला की हात आखडता घ्या. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर गडद मिश्रण पिवळंधमक होतं. ते पाहून काम संपलं असं वाटतं, पण खरी चिकाटी लागते ती त्यापुढच्या धुण्याला.

सुरुवातीपासून नुसत्या पाण्याने धुतलं, तर आम्ल कमी होताच थर फुगतात, सेंट्रिफ्यूजच्या नळीत गाळ बसत नाही, सगळं जेलीसारखं होतं आणि वैतागून बरेच जण तिथेच थांबतात. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धातूचे क्षार काढा, मग पाणी वापरा, आणि जेल झालं तर डायलिसिसच्या पिशवीत घाला. मागे राहिलेलं मँगनीज नंतर उत्प्रेरकाच्या चाचणीत काम करतं आणि श्रेय मात्र कार्बनला जातं. 'धातूविरहित उत्प्रेरक' असं लिहिण्याआधी धातूंचं प्रमाण मोजून घ्या. पोटॅशियमचे क्षार राहिले, तर कोरडं ग्राफीन ऑक्साइड सहज पेटही घेतं.

वाळवण्यासाठी गरम ओव्हन नको. पाणी उडताना थर पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि प्रति ग्रॅम २६३० चौरस मीटर या सैद्धांतिक पृष्ठफळाच्या जवळपासही तुम्ही पोहोचत नाही. गोठवून वाळवलं, तर हलका स्पंज मिळतो.

ग्राफीनपासून सुपरकपॅसिटर (विद्युतभार साठवणारं साधन) बनवत असाल, तर त्याच्या धारितेच्या, म्हणजे भार साठवण्याच्या क्षमतेच्या, आकड्यांत एवढं पाहा: तीन इलेक्ट्रोडच्या चाचणीत मिळणारी एका इलेक्ट्रोडची धारिता आणि दोन्ही इलेक्ट्रोडचं वजन धरून काढलेली सममित सेलची धारिता यांत चौपटीचा फरक असतो. कोणता आकडा दिला आहे, ते आलेखाखालीच लिहा.