कबड्डी संघाचा स्ट्रेंथ कोच व्हायचंय? सुरुवात अशी करा

खेळाडूचे दंड फुगवणं हे स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोचचं काम नाही. चढाईपटूचा पाय वेगानं पडावा आणि हंगामभर त्याचा गुडघा शाबूत राहावा, यासाठी तो असतो.

१. आधी खेळ मोजा. घड्याळ आणि वही घेऊन मैदानाच्या कडेला बसा. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, पुरुषांचा सामना २०-२० मिनिटांच्या दोन सत्रांचा. एका चढाईपटूनं किती चढाया केल्या, मध्ये किती उसंत मिळाली, कोपऱ्यातला बचावपटू किती वेळा घोट्यावर झेपावला, वळताना कुणाचा कुठल्या बाजूला तोल गेला, सगळं टिपा. मग लक्षात येतं, रोज सकाळी पाच किलोमीटर संथ पळवून या पोरांचं फारसं भलं होत नाही. त्यांना हवेत छोटे, स्फोटक प्रयत्न, झटकन थांबणं-वळणं आणि मध्ये पुरेशी विश्रांती. माझ्या मते कुठल्याही प्रमाणपत्राआधी ही वही भरली पाहिजे.

२. शिक्षण घ्या. शरीरक्रियाशास्त्र आणि जैवयांत्रिकी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, यांना पर्याय नाही. पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही शारीरिक शिक्षणाची नावाजलेली ठिकाणं. अमेरिकेतल्या ‘एनएससीए’ या स्ट्रेंथ कोचच्या संघटनेच्या ‘सीएससीएस’ (सर्टिफाइड स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग स्पेशालिस्ट) प्रमाणपत्राला जगभर मान आहे. त्यासाठी पदवी आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षण लागतं. परीक्षेचे भाग दोन, शास्त्र आणि प्रात्यक्षिक ज्ञान. पदवीबाबतचे नियम बदलताहेत, फी भरण्याआधी नीट वाचा.

३. स्वतः वजन उचला. स्क्वॉट, डेडलिफ्ट, क्लीन तुमच्या अंगात मुरलेले नसतील तर दुसऱ्याची चूक डोळ्यांना दिसणार नाही.

४. एक संघ धरा. गावातलं मंडळ किंवा शाळेतल्या मुलींचा संघ चालेल. पहिल्याच आठवड्यात उभ्यानं लांब उडी आणि १० मीटर धाव मोजा. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का, हे मोबाईलवर चित्रित करून पाहा. ज्यांचे वळतात त्यांना वजनाआधी नीट उतरायला शिकवा. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत अख्खं वर्ष खाऊ शकते. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे ठेवा. सहा-आठ आठवड्यांनी तीच मोजणी पुन्हा करा.

५. नोंदी सांभाळा. अकादमी किंवा प्रो कबड्डीच्या संघाकडे जाताना याच नोंदी दाखवायच्या. सुरुवातीचं मानधन तुटपुंजं असतं, शाळेतली नोकरी जोडीला ठेवा. दुखापतीतून परतणाऱ्याला मैदानात कधी सोडायचं, हे फिजिओशी बोलूनच ठरवा, मुख्य प्रशिक्षक कितीही घाई करोत.