सनरूफची काच बदलायची की नाही? गॅरेजला जाण्याआधीची तयारी

समोरच्या काचेवर खडा उडाला तर लगेच दिसतो. ट्रकच्या छतावरची काच मात्र नजरेच्या वर असते आणि तिथे चढून बघायला कोणाला वेळ नसतो. त्यामुळे सनरूफची तक्रार बहुतेक वेळा कानाला कळते, नाहीतर ओल्या सीटला, आणि मग घाईत भलतीच वस्तू बदलली जाते. मी स्वतः एकदा पाणी गळतंय म्हणून अख्खी काच बदलून बसलो. नवी काच बसली आणि पुढच्याच पावसात पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यातून टपकलं. दोष काचेत नव्हताच; पाणी वाहून नेणारी नळी बुजली होती. तेव्हापासून गॅरेजकडे गाडी वळवण्याआधी ही तपासणी मी स्वतःच उरकतो.

सामान फार लागत नाही. चांगला टॉर्च, स्वच्छ सुती फडकं, गाडी धुवायचा शाम्पू, पाण्याची छोटी बाटली, रंगकामात वापरतात ती कागदी चिकटपट्टी, साध्या कागदाची एक पट्टी आणि फोन. पिकअपचं छत दाराच्या पायरीवर उभं राहिलं तरी दिसतं. मोठ्या ट्रकला शिडीच लावा, आरशाच्या दांड्यावर पाय देऊन चढू नका, आणि छतावर गुडघा तर अजिबात टेकू नका, पत्रा दबतो. गाडी सपाट जागी सावलीत लावून काच गार होऊ द्या. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतलं की काचेत ताण येतो. धडधाकट काच तो सोसते, पण आधीच टवका उडालेल्या काचेला तेवढंच निमित्त पुरतं. धूळ आधी पाण्याने सोडवा. कोरड्या फडक्याने पुसलंत तर जे ओरखडे शोधायचेत ते तुम्हीच पाडाल.

काच स्वच्छ झाली की पहिलं काम म्हणजे कोपऱ्यातला शिक्का वाचणं. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो. काही शिक्क्यांवर टेम्पर्ड किंवा लॅमिनेटेड असा काचेचा प्रकार सरळ छापलेला असतो आणि प्रश्न मिटतो. अमेरिकी पद्धतीच्या शिक्क्यात एएस-२ किंवा एएस-३ असतं. त्यावरून काचेतून उजेड किती येतो ते कळतं. एएस-२ म्हणजे किमान ७० टक्के, एएस-३ म्हणजे त्याहून गडद. इथे बरेच जण फसतात, कारण या आकड्यावरून काच टेम्पर्ड आहे की लॅमिनेटेड ते ठरत नाही. शिक्क्यावरून उलगडा झाला नाही तर उन्हाचा पोलराइज्ड चष्मा लावून काचेकडे तिरकं बघा. टेम्पर्ड काचेवर बऱ्याचदा ओळीने फिकट-गडद ठिपके दिसतात. काच बनवताना हवेचे झोत जिथे जिथे लागले त्यांच्या त्या खुणा. हे ठिपके म्हणजे दोष समजून कोणी काच बदलायला निघालं तर थांबवा.

प्रकार कळणं एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. टेम्पर्ड काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटक्यात गार करतात. त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो आणि पोटात ओढ राहते. हा दाबाचा थर प्रत्येक बाजूने जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असतो, म्हणजे ५ मिलिमीटरच्या काचेत जेमतेम १ मिलिमीटर. इजा तेवढ्या थरातच थांबली तर काच टिकते. त्या थराच्या खाली उतरली की संपूर्ण काच एका क्षणात गारा सांडाव्यात तशी दाण्यादाण्यांनी खाली येते. अधलीमधली अवस्था नाही. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. तिला तडा जातो, वाढत जातो, पण ती जागेवर धरून राहते.

म्हणून काचेवर लांबलचक रेघ दिसली आणि काच तरीही शाबूत असली, तर आधी विचार करा. टेम्पर्ड काच तडा घेऊन आठवडाभर बसून राहत नाही. मग ती रेघ एकतर वरवरचा ओरखडा आहे, नाहीतर तुमची काच लॅमिनेटेड आहे. लॅमिनेटेडमध्ये खरोखर तडा असेल तर ती बदलाच. ट्रकचं केबिन खड्ड्यातून जाताना पिळवटतं आणि प्रत्येक पिळाला तडा थोडा थोडा पुढे सरकतो. समोरच्या काचेचा छोटा टवका राळ भरून दुरुस्त करतात, तसं छताचंही करून देतो असं कोणी म्हणालं तर आधी शिक्क्याचा फोटो दाखवा. ती दुरुस्ती लॅमिनेटेडसाठी आहे. टेम्पर्डमध्ये राळ भरून उपयोग शून्य.

आता नखाची परीक्षा. टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरा, उजेड पृष्ठभागावरून घसरत जाऊ द्या. वरून बघताना न दिसलेले ओरखडे असे चमकून उठतात. प्रत्येकावरून नख आडवं फिरवा. नख सरकून गेलं तर सोडून द्या, झाडाची फांदी घासली असेल. नख अडकलं तर जागेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा आणि फोटो घ्या. अशी खोल रेघ टेम्पर्ड काचेवर असेल तर मी तरी ती काच ठेवणार नाही. आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वाटोळा, चकाकता टवका उडाला असेल तर विचार करत बसायची गरजच नाही, काच बदलायची.

मधल्या भागापेक्षा कडा जास्त जपून बघा, काचेचं मर्म कडेलाच असतं. मधोमध खडा लागूनही काच वाचते, पण कडेला छोटा धक्काही तिला पुरतो. सनरूफ मागून उचलून धरा आणि जिथे काच उघडी आहे तिथे कडेवरून सुती फडकं हलकेच फिरवा. बोट फिरवू नका, कापेल. टवका असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. छतावर दोरखंड, ताडपत्री, शिडी, लाकडं बांधणाऱ्यांनी तर ही तपासणी सोडूच नये. हूक निसटून काचेच्या कडेवर आपटतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सरकणारी काच रुळात तिरकी अडकली असताना जोर लावून बंद केली असेल तर तेव्हाही कडच दुखावते.

काचेच्या चहूबाजूंनी आतून काळी पट्टी असते, आतल्या काठाला ठिपक्या-ठिपक्यांनी विरळ होत जाणारी. ती नुसती शोभेची नाही. खालच्या गोंदाला उन्हापासून वाचवायला ती असते. सरकणारी काच बहुतेक गाड्यांत धातूच्या चौकटीला चिकटवलेली असते आणि ही चौकट स्क्रूंनी यंत्रणेवर बसते. सनरूफ बंद करून आतून तळहाताने चारही कोपरे बेताने वर दाबा. यंत्रणेत किंचित खेळ असतो, तो चालेल. पण चौकट जागेवर आणि काच एकटीच हलते आहे, किंवा चिकट काहीतरी सुटल्यासारखा बारीक आवाज येतोय, तर गोंद सुटलाय. या यादीतली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच, कारण काच दिसायला नवी कोरी असते. वेगात छतावरून हवा जाते तेव्हा ती काचेला वर ओढते. असं आढळलं तर सनरूफ उघडणं बंद करा, वेग कमी ठेवा आणि गाडी थेट दुरुस्तीला न्या.

गळतीचं वेगळं. सनरूफ पूर्ण जलरोधक नसतंच, ते तसं बनवलेलंच नसतं. रबराच्या पट्टीतून थोडं पाणी आत येणारच असं धरूनच खाली चौकटभर पन्हळ दिलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघून खांबांमधून खाली, गाडीबाहेर जातात. सनरूफ उघडा, पन्हळीत एकेका कोपऱ्याशी बाटलीतून थोडं थोडं पाणी सोडा आणि गाडीखाली बघा. पाणी जमिनीवर पडलं तर नळी ठीक. पन्हळीत साचून राहिलं किंवा आतल्या पॅनेलच्या मागून टपकलं, तर नळी बुजली आहे किंवा तोंडापासून निसटली आहे. पानं, माती, मळलेलं ग्रीस यांनीच ती बुजते. तिच्यात जोराने हवा मारायचा मोह आवरा. आतला जोड निसटतो आणि पाणी थेट गालिच्यात जातं. पातळ लवचिक नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत-बाहेर केली तरी बहुतेक वेळा काम होतं. गळतीसाठी काच बदलायची वेळ क्वचितच येते.

आवाजाचंही तेच. वेगात शीळ घातल्यासारखा आवाज येतो का? काचेभोवतीची फट चिकटपट्टीने सगळीकडून बंद करा, सनरूफला हात न लावता तोच रस्ता त्याच वेगाने पुन्हा चालवा. आवाज थांबला तर दोष रबरात किंवा काचेच्या उंचीत. कागदाची पट्टी रबरात अडकवून सनरूफ बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडखळत यायला हवी. एका जागी सहज सुटली तर तिथे रबर दबून चपटं झालेलं आहे. उंची बोटांनी कळते. काचेची पुढची कड पत्र्याच्या बरोबरीत किंवा केसभर खाली आणि मागची बरोबरीत किंवा केसभर वर, असं साधारण असावं. पुढची कड वर आलेली असेल तर वारा तिच्यावर आपटतो, आवाज तिथलाच. ती स्क्रू सैल करून बसवता येते, नवी काच लागत नाही. रबर कोरडं पडून करकरत असेल तर रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमची वंगणं रबर फुगवतात.

लॅमिनेटेड काचेच्या कडेला दुधाळ पट्टा किंवा बुडबुडे दिसू लागले, तर मधला पडदा सुटू लागलाय. तो मागे फिरत नाही. काही अवजड ट्रकांच्या छताची झडप काचेची नसून पॉलिकार्बोनेटची असते. ती पिवळी पडली आणि तिच्यात जाळीसारख्या बारीक भेगा उठल्या की तिचे दिवस भरले. अशा झडपेला अमोनिया असलेला काचेचा क्लीनर कधीही लावू नका.

एक प्रकार मात्र कोणत्याही तपासणीत सापडत नाही. टेम्पर्ड काच बनताना निकेल सल्फाइडचा अगदी बारीक कण आत राहिला, तर तो कालांतराने फुगतो आणि उभ्या गाडीतली धडधाकट काच धाडकन फुटते. चालत्या गाडीत तसं झालं तर घाबरून ब्रेकवर उभे राहू नका. गाडी सावकाश कडेला घ्या, आतला पडदा सरकवून बंद करा आणि सनरूफचं बटण दाबू नका, कारण दाणे रुळात गेले की केबल अडकते. बाहेरून जाड प्लास्टिक लावून कडा छताच्या रंगावर कागदी पट्टीने चिकटवा आणि हळू चालवत गॅरेज गाठा. साफ करण्याआधी फोटो काढा, विमा असेल तर लागतील.

काच बदलायचं पक्कं झालं की चॅसिस क्रमांक घेऊन कंपनीकडे एकदा विचारा, त्या भागासाठी गाड्या परत बोलावल्यात का. काही वेळा खर्च आपला नसतोच. नवी काच त्याच प्रकारची मागा. मोठ्या ट्रकात याला आणखी एक अर्थ आहे. २०१२ साली आलेल्या नव्या व्होल्वो एफएचसारख्या ट्रकांत छताची झडप संकटात बाहेर पडायची वाटही असते, तेव्हा ती हाताने पूर्ण उघडते ना, हे काम झाल्यावर स्वतः बघा. काच फोडून निघू या भरवशावर राहू नका. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली, त्यातल्या एकालाही लॅमिनेटेड काच फोडता आली नाही.

मेकॅनिकला चार गोष्टी आधीच सांगून ठेवा. जुने दाणे रुळातून आणि नळ्यांतून व्हॅक्यूमने काढायचे, उंची चारही कोपऱ्यांत जुळवायची, मोटरला नव्याने जागा शिकवायची म्हणजे बोट मधे आलं की काच मागे फिरते ती सोय चालू राहील, आणि चिकटवलेली स्थिर काच असेल तर गोंद किती तासांनी धरतो ते लिहून द्यायचं. तेवढा वेळ गाडी हलवायची नाही, लांबचं भाडं ठरलेलं असलं तरी. आणि किल्ली हातात घेण्याआधी पन्हळीच्या चारही कोपऱ्यांत पुन्हा एकदा पाणी ओतून बघायचं. बाटली आपण आणलेलीच असते.