टूथपेस्ट निवडताना ट्यूबची मागची बाजू कशी वाचावी

टूथपेस्टची ट्यूब हातात घेतली की पुढच्या बाजूवरचे 'नैसर्गिक', 'झळाळी', 'संपूर्ण संरक्षण' हे शब्द बाजूला ठेवावेत आणि ट्यूब उलटून बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावी. त्या यादीत सर्वांत आधी शोधायचे ते फ्लोराइड, कारण दात किडू नयेत म्हणून पेस्टमध्ये जे काही घातले जाते त्यात ज्याच्या उपयोगाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे असा घटक हाच आहे. अनेक जण नेमका उलटा क्रम लावतात. एखाद्या रसायनाच्या नावाने धास्तावून ते पेस्ट बदलतात आणि नव्या पेस्टमध्ये फ्लोराइडच नाही, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

यादीत फ्लोराइड साधारणपणे तीन नावांनी भेटते: सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि स्टॅनस फ्लोराइड. त्याचे प्रमाण बहुधा 'पीपीएम'मध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे दिलेले असते आणि प्रौढांनी १००० ते १५०० पीपीएमची, शक्यतो या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडची पेस्ट घ्यावी. काही ट्यूबांवर मात्र पीपीएमऐवजी टक्केवारी छापलेली असते आणि ती फसवी ठरू शकते, कारण ती फ्लोराइडची नसून संपूर्ण संयुगाची असते. सोडियम फ्लोराइड ०.२४ टक्के असेल तर त्यातून सुमारे ११०० पीपीएम फ्लोराइड मिळते. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के असेल तर आकडा तिपटीहून मोठा दिसतो, पण हाती येते ते सुमारे १००० पीपीएमच. तेव्हा दोन ट्यूबांची तुलना करताना आधी नाव पाहावे आणि मगच टक्के पाहावेत.

फ्लोराइड पोटात जाऊन नव्हे, तर मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर काम करते. आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्ले की दातांवरच्या थरातले जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि तिथला सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचातले, खनिज विरघळू लागते. फ्लोराइड सामावलेले खनिज विरघळण्यासाठी सामू ४.५ च्या आसपास यावा लागतो, शिवाय लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसण्यास फ्लोराइड मदत करते. म्हणूनच दात घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे पेस्टचा पातळ थर तोंडात राहतो. ही सवय लावायला काही दिवस जड जाते, पण महागडी पेस्ट घेऊन ती तीन चुळांत धुऊन टाकण्यापेक्षा ती बरी.

आता फ्लोराइडविषयीच्या शंकेकडे वळू, कारण ती निराधार नाही. फक्त ती योग्य ठिकाणी लावली पाहिजे. हिरड्यांच्या आत पक्के दात घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलाच्या पोटात नियमितपणे जास्त फ्लोराइड गेले तर पुढे दातांवर पांढुरके पट्टे किंवा ठिपके दिसू शकतात. लहान मुले पेस्ट गिळतात, म्हणून प्रश्न पेस्ट कोणती यापेक्षा ब्रशवर किती, हा असतो. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लाट काढलेली दिसते ती मोठ्यांनाही लागत नाही. वाटाण्याएवढ्या पेस्टचे वजन पाव ग्रॅमच्या आसपास धरले, तर १४५० पीपीएमच्या पेस्टमधून ती पूर्ण गिळली तरी ०.३६ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जाते. तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी अशी मात्रा शरीराच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम मानली जाते. बारा किलो वजनाच्या मुलासाठी ती ६० मिलिग्रॅम होते, म्हणजे त्याच पेस्टचे सुमारे ४० ग्रॅम. एवढी पेस्ट ब्रशवरून जात नाही, पण फळाच्या चवीची ट्यूब हाती लागलेले मूल ती चोखून संपवू शकते, म्हणून ट्यूब त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

पदार्थांच्या विषारीपणाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम या सरकारी उपक्रमाने २०२४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो आणि या निष्कर्षाविषयीची खात्री 'मध्यम' आहे. हा इशारा दररोज गिळल्या जाणाऱ्या एकूण फ्लोराइडविषयी आहे; थुंकून टाकलेल्या पेस्टला तो तसाच लावणे चुकीचे होईल. मात्र ज्यांच्या विहिरीच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, त्यांनी आधी पाण्याची तपासणी करावी आणि मुलांच्या पेस्टबाबत दंतवैद्यांना विचारावे.

फेसासाठी घातले जाणारे सोडियम लॉरिल सल्फेट हे दुसरे बदनाम नाव. त्याने कर्करोग होतो, ही समजूत निराधार आहे. पण ज्यांना वारंवार तोंड येते अशा काही जणांना ते नसलेली पेस्ट वापरल्यावर आराम पडतो. दात घासल्यावर लगेच संत्र्याचा रस प्यायला तर तो कडू लागतो, तेही बव्हंशी याच घटकामुळे: तो जिभेवरची गोडीची जाणीव काही काळ दाबतो. फेस कमी आला म्हणून दात कमी स्वच्छ झाले असे होत नाही, तेव्हा ज्यांना तोंड येण्याचा त्रास आहे त्यांनी महिना-दोन महिने बदल करून पाहावा. तसे करताना पेस्ट सोडून बाकी काही बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

दात पांढरे करणाऱ्या पेस्टबाबत मी जास्त साशंक आहे. त्यातल्या बहुतेक पेस्ट चहा-कॉफीचे वरचे डाग घासून काढतात, दाताचा मूळ रंग बदलत नाहीत. पेस्टचा खरखरीतपणा 'आरडीए' या मापाने मोजतात आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो २५० च्या पुढे जाता कामा नये, पण हा आकडा ट्यूबवर क्वचितच छापलेला असतो. हिरड्या खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले असेल तर अशा पेस्ट टाळाव्यात, कारण मुळावर एनॅमलचे कवच नसते आणि तो भाग लवकर झिजतो. कोळशाच्या काळ्या पेस्टला हेच लागू पडते; शिवाय त्यांपैकी अनेकींत फ्लोराइड नसते.

ट्रायक्लोसान हे जंतुनाशक आता बहुतेक पेस्टमधून गेले आहे, तरीही यादीत दिसले तर दुसरी ट्यूब घ्यावी. टायटॅनियम डायऑक्साइड केवळ पांढऱ्या रंगासाठी असते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. पेस्टला ती बंदी लागू नाही, पण दातांना त्याचा काहीच उपयोग नसल्यामुळे ते नसलेली पेस्ट निवडण्यात तोटाही नाही. ट्यूबच्या शेवटच्या टोकाशी असलेली हिरवी, लाल किंवा काळी पट्टी घटक दाखवते, ही तर निव्वळ दंतकथा. ट्यूब कुठे कापायची आणि दुमडायची, हे यंत्राला कळावे म्हणून ती खूण असते.

थंड पाण्याने दात शिवशिवत असतील तर पोटॅशियम नायट्रेट किंवा स्टॅनस फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी आणि किमान दोन ते चार आठवडे दिवसातून दोनदा वापरावी, कारण पोटॅशियमचा परिणाम हळूहळू साचत जातो. चार दिवसांत ट्यूब बदलणाऱ्याला तो कधीच कळत नाही. मात्र कळ एकाच दातात येत असेल, चावताना ठणका लागत असेल किंवा गरम घोटानंतर दुखणे रेंगाळत असेल, तर तिथे बहुधा कीड किंवा चीर असते आणि अशा वेळी पेस्ट बदलत बसण्याऐवजी तो दात दाखवून घ्यावा.