लाळग्रंथीची एफएनएसी: पेशींच्या आधी मॅट्रिक्स बघा

कानाखालची गाठ असो की जबड्याखालची, एफएनएसीत (बारीक सुईने पेशी ओढून घेऊन केलेल्या तपासणीत) २३ किंवा २५ गेजच्या सुईने घेतलेल्या नमुन्याच्या निम्म्या स्लाइड गिम्सा या रंगासाठी हवेत वाळवा. उरलेल्या ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये सोडा, त्या पॅप या दुसऱ्या रंगासाठी. खानापूर-बेळगावच्या पावसाळ्यात घोटाळा होतो तो हवेतल्या स्लाइडचा. जाड स्मिअर (काचेवर पसरलेला नमुन्याचा थर) लवकर वाळत नाही, तोवर पेशी आकसतात, केंद्रक काळपट-पुसट होतं आणि नवख्याला कॅन्सरची शंका येते. स्मिअर पातळ ओढा, लगेच पंख्याखाली धरा.

आधी १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली अख्खी स्लाइड फिरवा. द्राक्षाच्या घोसासारखे ॲसिनस (लाळ बनवणाऱ्या पेशींचे पुंजके), अधूनमधून डक्ट (लाळेच्या नळ्या), थोडी चरबी एवढंच दिसलं, तर ती नॉर्मल ग्रंथी. पण हाताला स्पष्ट गाठ लागत असेल, तर सुई बाजूला गेली आहे. 'नॉर्मल' लिहून मोकळं होऊ नका; मिलान पद्धतीत (लाळग्रंथीच्या एफएनएसीचे निष्कर्ष ठरावीक गटांत लिहिण्याची पद्धत) हा नमुना नॉन-डायग्नॉस्टिक, म्हणजे निदानाला अपुरा.

आता मॅट्रिक्स, म्हणजे पेशींच्या मधला पदार्थ. गिम्सात तो भडक किरमिजी उठतो, पॅपमध्ये फिका पडतो आणि सहज निसटतो. ४० वर जाऊन त्याची कड बघा. कड विस्कटलेली, तंतू बाहेर आलेले, पेशी त्यातच रुतलेल्या: प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. गोळे गुळगुळीत, कड रेखीव, भोवती सायटोप्लाझम जेमतेम असलेल्या लहान गडद पेशी: ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. मात्र असे गोळे प्लिओमॉर्फिकमध्येही कधीकधी सापडतात, आणि ॲडिनॉइड सिस्टिकच्या सॉलिड प्रकारात मॅट्रिक्स जवळपास नसतोच. अशा वेळी ओढूनताणून नाव देण्यापेक्षा मिलानचा ४बी गट, म्हणजे सम्प (गाठ आहे, पण ती कॅन्सरची की नाही हे अनिश्चित), लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही. सर्जनला तेवढ्यावर ऑपरेशन ठरवता येतं.

सिरिंजमध्ये पाणी आलं की गाठ 'साधी' समजण्याची घाई होते. पाणी काढल्यावर गाठ उरली, तर उरलेल्या भागात पुन्हा सुई घाला. नुसता म्युकस असेल आणि पेशी नसतील, तर तो एयूएस (अर्थ अनिश्चित असलेल्या बदलांचा मिलान गट); मागे लो-ग्रेड म्युकोएपिडर्मॉइड हा लाळग्रंथीचा कॅन्सर दडलेला असू शकतो. म्युकस नसलेलं, पेशीविरहित पाणी मात्र नॉन-डायग्नॉस्टिक.

वॉर्थिन ट्यूमर ही कॅन्सर नसलेली गाठ ओळखायला सोपी: ऑन्कोसाइटचे (भरपूर दाणेदार सायटोप्लाझम असलेल्या मोठ्या पेशींचे) सपाट पुंजके, लिम्फोसाइट, मळकट पार्श्वभूमी. गाठ पॅरोटिडची (कानाजवळच्या लाळग्रंथीची) आणि रुग्ण बहुधा विडी-सिगारेट ओढणारा.

तंबाखू खाणाऱ्याचं वेगळं. निपाणीसारख्या तंबाखूच्या भागात रुग्णाची सवय फॉर्मवर नुसती 'तंबाखू' अशी येते, म्हणून ओढतात की चुन्याबरोबर मळून खातात हे विचारून लिहा. जबड्याखालची गाठ पुष्कळदा लाळग्रंथी नसून लिम्फ नोड (लसिका गाठ) असते, आणि तोंडातला कॅन्सर तिथे पसरलेला असू शकतो. पॅपमध्ये नारिंगी, केरॅटिन धरलेल्या स्क्वेमस पेशी दिसल्या, तर म्युकोएपिडर्मॉइड लिहिण्याआधी रुग्णाचं तोंड उघडून बघायला सांगा: गालाची आतली बाजू, जिभेची कड, हिरड्यांमागचा कोपरा.