ऑनलाइन मागवलेला खाऱ्या पाण्यातला मासा थेट मेन टँकमध्ये टाकू नका
ऑर्डर द्यायच्या आधीच क्वारंटाइन टँक (नवा मासा काही दिवस वेगळा ठेवायची टाकी) तयार ठेवा, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढं पुरतं. विक्रेत्याला मासा नीट खातोय का ते विचारा, जमलं तर व्हिडिओ मागा. पार्सल आलं की बंद पिशवी 15-20 मिनिटं या टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, पण उघडल्यावर तासभर तिच्यात थेंबथेंब पाणी सोडत बसू नका, कारण पिशवीतला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वाढतो आणि माशाच्या मलमूत्रातून साठलेला अमोनिया एकदम विषारी होतो, बिचारा प्रवासाने आधीच दमलेला असतो! म्हणून क्वारंटाइन टँकचा खारटपणा विक्रेत्याच्या पाण्याशी आधीच जुळवून ठेवा आणि मासा लगेच त्यात सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. मग 4 ते 6 आठवडे अंगावर पांढरे ठिपके, जोरजोरात श्वास असं काही दिसतंय का बघा. आजार दिसला तर कॉपरचं (तांब्याचं) औषध क्वारंटाइन टँकमध्येच, कोरल (प्रवाळ) असलेल्या टँकमध्ये कधीच नाही.