देवमाशाचं काम काचेच्या टाकीत दाखवायचं तर

पुण्यातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की हवामानबदलाच्या तक्त्यांची रांग लागते, आणि एखाद्या तक्त्यावर तरी ‘एक देवमासा म्हणजे हजारो झाडं’ (हवेतला कार्बन शोषण्यात) असं लिहिलेलं असतं. मोबाइलवर हे वाक्य छान फिरतं, पण मुलांना त्यातून काहीच उमगत नाही. देवमासा खोल पाण्यातलं खत उजेडात आणून टाकतो. ही एक गोष्ट मुलांना डोळ्यांनी दिसली की बाकीचं समजावणं सोपं जातं. आठवी-नववीची मुलं ही टाकी दोन तासांत उभी करू शकतात.

सामान फारसं नाही. 45 × 20 × 30 सेंटिमीटरची काचेची टाकी, 18 लिटर पाणी, 315 ग्रॅम खडे मीठ, खाण्याचा निळा रंग, 20 मिलीच्या दोन सिरिंज, फिश टँकच्या एअर पंपाची दोन मीटर नळी, एक चिमटा आणि भांडी घासायचा नवा, धुतलेला स्पंज. पुडीतलं बारीक मीठ घेऊ नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेल्या पुडीनं पाणी दुधाळ होतं. खडे मीठ विरघळवून मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळलं की पाणी नितळ राहतं. पाणी आदल्या रात्रीच बादल्यांत भरून ठेवा, नाहीतर काचेवर बुडबुडे चिकटतात आणि लांबून काही दिसत नाही.

नऊ लिटर पाण्यात सगळं मीठ आणि रंग घालून ते टाकीत ओता. दहा सेंटिमीटरचा निळा थर होईल. हा खोल समुद्र. दहा मिनिटं त्याला हात लावू नका. मग त्यावर स्पंज तरंगत ठेवा, उरलेल्या नऊ लिटरची बादली उंचावर ठेवून नळीनं साधं पाणी स्पंजवर सोडा. नळी चिमट्यानं अशी आवळा की पहिले दोन लिटर पडायला दहा मिनिटं लागतील. सगळी मेख या दोन लिटरांत आहे. पुढे धार वाढवली तरी चालतं. दोन थरांमधली सीमा दोन सेंटिमीटरपेक्षा जाड आणि धूसर झाली तर धार जोरात होती असं समजा.

खऱ्या समुद्रात हे थर बहुतेक ठिकाणी मिठामुळे नव्हे, तापमानामुळे टिकतात, हे तक्त्यावर स्पष्ट लिहा. इथे मीठ वापरायचं कारण असं की खाऱ्या आणि साध्या पाण्याच्या वजनात लिटरमागे सुमारे 25 ग्रॅमचा फरक पडतो. 10 आणि 28 अंशांच्या पाण्यात तो जेमतेम साडेतीन ग्रॅम असतो, आणि वर्गात गार पाणी बघता बघता कोमट होतं.

आता देवमासा. एका सिरिंजला 25 सेंटिमीटर नळी लावून तळाचं 10 मिली निळं पाणी ओढा आणि पृष्ठभागाशी हळूच सोडा. ते बोटांसारख्या रेघा काढत सरळ खाली जाईल. मुलांना वाटेल प्रयोग फसला. तसं नाही, हा भाग मुद्दाम दाखवा. नुसतं जड पाणी वर आणलं तर ते परत बुडतं. देवमासा खाली जाऊन क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) किंवा माकूल खातो, पचवतो आणि वर श्वास घ्यायला आल्यावर पातळ, विस्कळीत, तरंगणारी विष्ठा सोडतो. म्हणून दुसऱ्या सिरिंजमध्ये साध्या, 50 अंश गरम पाण्यात कालवलेला तोच रंग घ्या आणि पृष्ठभागाखाली आडवा सोडा. तो वरच पसरतो आणि वरच्या थरातच मिसळत राहतो.

ही विष्ठा किती मोलाची आहे, ते आकड्यांत सांगा. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेनच्या आखातात देवमासे आणि सील वर्षाला सुमारे 23,000 टन नायट्रोजन पृष्ठभागाशी आणतात, असा 2010 मधला अंदाज आहे. त्या आखातात येणाऱ्या सगळ्या नद्या मिळूनही तेवढा आणत नाहीत. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात कमतरता लोहाची असते, आणि तिथे विष्ठेतलं लोह भोवतालच्या पाण्याच्या निदान एक कोटी पट असतं. विसाव्या शतकात जगभरात जवळपास 29 लाख देवमासे मारले गेले. खाणारेच गेले म्हटल्यावर दक्षिणेकडे क्रिल वाढायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण ज्या वनस्पतीप्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर) क्रिल जगतं त्यांचं खतही गेलं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे.

खताचा परिणाम दाखवायला एक लिटरच्या तीन बरण्या दहा दिवस आधी लावा. प्रत्येकीत उकळून गार केलेलं पाणी आणि फिश टँकचं 20 मिली हिरवं पाणी. उकळायचं ते क्लोरीन जावं म्हणून. नर्सरीत मिळणारं 19:19:19 खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम विरघळवा आणि त्यातलं 50 मिली दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीत घाला. तिसरीला काळा कागद गुंडाळा. तिन्ही पूर्वेच्या खिडकीत ठेवा. पहिलीत उजेड आहे, खत नाही. तिसरीत खत आहे, उजेड नाही. खरी हिरवी होते ती मधली. डिसेंबरच्या गारठ्यात याला दोन आठवडे लागू शकतात.

मुठेचं पाणी वापरू नका. सांडपाण्यामुळे त्यात आधीच इतकं नायट्रोजन आणि फॉस्फरस असतं की बिनखताची बरणीही हिरवी होईल. मधली बरणी हिरवी होऊन अचानक निवळली, तर पाण्यात एकपेशीय शेवाळ खाणारे बारीक किडे आलेत. सुरुवातीलाच गाळून घेतलेलं बरं. तोंडाला मलमल बांधाच, डासांच्या अळ्या व्हायला आठवडा पुरतो.

हवामानाचा तक्ता लिहिताना हात आवरा. दक्षिण महासागरातले सुमारे 12,000 स्पर्म व्हेल (खोल बुडी मारणारे दातांचे देवमासे) वर्षाला 50 टन लोह पसरवतात, त्यावर वनस्पतीप्लवक वाढून कार्बन शोषतात, आणि देवमाशांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन वजा करूनही दोन लाख टन कार्बन खोल समुद्रात जातो, असा 2010 चाच दुसरा अंदाज आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये हे सात लाख टनांच्या आसपास होतं. माणूस इंधन जाळून वर्षाला सुमारे 37 अब्ज टन सोडतो. म्हणजे लाखात दोन भाग. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. देवमासे आपला धूर निस्तरणार नाहीत. ते समुद्र जिवंत ठेवतात, आणि त्यांना जपायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

मेलेल्या देवमाशासाठी एक छोटी चौकट ठेवा: 40 टनांच्या धडात जवळपास दोन टन कार्बन असतो, आणि ते तळाशी गेलं की त्यावर आधी हॅगफिश आणि शार्क, मग हाडं पोखरणारे ओसेडॅक्स किडे वर्षानुवर्षं जगतात.

‘व्हेलची उलटी कोटींना विकली जाते ना?’ हा प्रश्न हमखास येतो. ती स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे भारतात ती बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे, असं थेट सांगा.

प्रदर्शन संपल्यावर बरण्यांतलं पाणी कुंड्यांना घाला. टाकीतलं मात्र झाडांना घालू नका, मिठानं मुळं जळतात. ते मोरीत सोडा.